सिक्लिड माशांसाठी मोठे मत्स्यालय : थोरली टाकी घरात आणताना

दोन फूट लांबीची काचेची टाकी, तिच्यात दोन-तीन एंजल आणि दुकानातून कौतुकाने आणलेले दोन इंचांचे ऑस्करचे पिल्लू. शहरातील अनेक मत्स्यशौकिनांचा प्रवास येथूनच सुरू होतो. हे पिल्लू नीट खाऊ-पिऊ घातल्यास वर्ष-दीड वर्षात दहा-बारा इंचांचे होते. एक फूट रुंदीच्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही. एंजल तोवर नाहीसे झालेले असतात, आणि ते कोठे गेले हे विचारण्याचे कारण उरत नाही. मग घरात मोठ्या टाकीचा विषय निघतो.

'मासा टाकीच्या मापानेच वाढतो' हे वाक्य या टप्प्यावर हटकून ऐकू येते. त्यात तथ्य इतकेच, की लहान टाकीत माशाची वाढ खुंटते. साचणारी विष्ठा, कोंदट पाणी आणि हालचालीचा अभाव यांमुळे ती खुंटते, आणि त्याबरोबर पाठीचा कणा, कल्ले व यकृत यांचीही हानी होते. दहा-पंधरा वर्षे जगू शकणारा ऑस्कर अशा टाकीत दोन-तीन वर्षांत संपतो. त्यामुळे मोठी टाकी ही अशा माशाच्या बाबतीत चैन म्हणता येत नाही. मात्र ती आणण्याचा निर्णय हा माशांइतकाच घराच्या फरशीशी, नळाच्या पाण्याशी आणि विजेच्या बिलाशी निगडित असतो. दुकानात त्याची चर्चा सहसा होत नाही.

सिक्लिड म्हणजे कोण?

सिक्लिड हे एका माशाचे नाव नसून एका विस्तीर्ण कुळाचे नाव आहे. या कुळातील सतराशेहून अधिक जातींचे शास्त्रीय वर्णन झालेले आहे. दक्षिण व मध्य अमेरिकेतील नद्या, आणि पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया, टांगानिका व मलावी ही तीन सरोवरे ही त्यांची मुख्य वसतिस्थाने. एंजल, डिस्कस, ऑस्कर, सेव्हरम, जॅक डेम्प्सी हे अमेरिकन. निळे-पिवळे, खडकांतून सुळसुळणारे म्बुना हे मलावी सरोवरातील. 'म्बुना' हा तेथील तोंगा भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ खडकातला मासा. बाजारात मोठ्या दिमाखाने मिरवणारा फ्लॉवरहॉर्न आणि पोपटासारख्या तोंडाचा पॅरट हे मात्र निसर्गात कोठेच सापडत नाहीत. ते आशियातील मत्स्यपालकांनी संकरातून निर्माण केलेले आहेत.

या कुळाचे भारतीय सदस्य अवघे तीन. त्यांतील काळपट-हिरवा, अंगावर मोत्यांसारखे ठिपके असलेला मासा गोव्यात 'कालुंदर' म्हणून ताटात येतो. केरळमध्ये त्यालाच 'करीमीन' म्हणतात, आणि २०१० साली त्या राज्याने त्याला राज्यमाशाचा मान दिला. दुसरा नारिंगी क्रोमाइड, तर तिसरा कर्नाटकाच्या किनारपट्टीतील मोजक्या नद्यांपुरता मर्यादित असा कॅनरा क्रोमाइड. परदेशी माशांच्या मागे धावणाऱ्या आपल्या शौकिनांनी या देशी मंडळींकडे जवळजवळ पाठच फिरवली आहे, ही खेदाची गोष्ट होय. मोठ्या टाकीत कालुंदरचा सात-आठांचा थवा ऑस्करहून कमी देखणा दिसत नाही. आणि उजनी जलाशयाच्या काठी 'चिलापी' म्हणून तळून मिळणारा मासा? तोही सिक्लिडच. आफ्रिकेतला हा तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला.

या कुळाला इतर शोभेच्या माशांपासून वेगळे करणारी गोष्ट म्हणजे त्यांचे अपत्यसंगोपन. बहुतेक सिक्लिड आपली अंडी व पिल्ले राखतात. नर-मादी मिळून दगड साफ करतात, त्यावर अंडी घालतात, पंखांनी वारा घालावा तसे पाणी खेळवतात आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडतात. मलावीतील माद्या तर अंडी तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहतात. घराची हद्द आखणे आणि तिचे रक्षण करणे हा या माशांचा स्वभावधर्म आहे. टाकी लहान असली की एकाच माशाची हद्द संपूर्ण टाकीभर पसरते आणि दुसऱ्याला पळायला जागा उरत नाही. ज्याला आपण 'भांडकुदळ मासा' म्हणतो, तो पुष्कळदा जागेअभावी भांडत असतो.

आधी मासे, मग टाकी

टाकी विकत घेऊन मग मासे निवडणे हा क्रम उलटा आहे. प्रथम कोणती मंडळी पाळावयाची हे ठरवावे. ऑस्करची जोडी पाळावयाची तर पाच ते सहा फूट लांब व किमान दोन फूट रुंद टाकी हवी. त्यांच्यासोबत सेव्हरम किंवा सिल्व्हर डॉलरसारखे अंगापिंडाने भरलेले, तोंडात न मावणारे मासे राहू शकतात. फ्लॉवरहॉर्न एकटा राहणारा प्राणी आहे. त्याला चार फुटी टाकी द्यावी आणि सोबत देऊ नये. म्बुनांचा हिशेब याच्या नेमका उलट. ते थोडे ठेवले तर एक दांडगा नर बाकीच्यांना मारून टाकतो, म्हणून त्यांना मुद्दाम दाटीने, सहा फुटी टाकीत पंचवीस-तीस अशा संख्येने आणि एका नरामागे तीन-चार माद्या या प्रमाणात ठेवतात. राग वाटला गेला की कोणा एकाच्या वाट्याला मरण येत नाही. डिस्कस शांत, पण २८ ते ३० अंश तापमान आणि अत्यंत स्वच्छ पाणी मागणारा. टांगानिकातील काही सिक्लिड तर गोगलगायीच्या रिकाम्या शंखात संसार थाटतात. त्यांची हौस असेल तर मोठ्या टाकीची गरजच नाही, आणि पुढचा बराचसा खटाटोपही वाचतो.

मलावीचे आणि ॲमेझॉनचे मासे एकाच टाकीत ठेवू नयेत. दोघांचे पाणी वेगळे, आहार वेगळा आणि भांडणाची रीतही वेगळी. शेवाळ खरवडून जगणाऱ्या म्बुनांना ऑस्करचे मांसल खाद्य मिळाले की त्यांची पोटे फुगतात व ते दगावतात.

टाकीच्या मापांत उंचीचा मोह आवरावा. दिवाणखान्यात उंच टाकी रुबाबदार दिसते, परंतु सिक्लिडची हद्द तळावर आखली जाते. त्यांना लांबी-रुंदी उपयोगाची असते. शिवाय उंची वाढली की काचेची जाडी वाढवावी लागते आणि तळापर्यंत हात पोहोचत नाही. दोन फुटांहून अधिक उंची घेण्याचे कारण डिस्कस व एंजल यांच्यापलीकडे क्वचितच असते.

वजनाचा हिशेब

येथे जरा थांबून आकडेमोड करणे हिताचे आहे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५७ लिटर पाणी मावते. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत सुमारे २५५ लिटर, तर सहा बाय दोन बाय दोन फुटांच्या टाकीत सुमारे ६८० लिटर. म्हणजे लांबी तिप्पट झाली तरी पाणी बारापट होते. लिटरला एक किलो धरून, वरची काही इंच जागा मोकळी सोडली तरी सहाशेहून अधिक किलो पाणी. १२ मिलिमीटर काचेचे सव्वाशे किलोच्या आसपास. त्यात वाळू, दगड आणि स्टँड. एकूण भार सहजच ९०० किलोंवर जातो, आणि तो अवघ्या बारा चौरस फुटांत, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे उभा असतो.

राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो इतका वापरभार गृहीत धरलेला आहे. आपल्या टाकीखाली तो चौरस मीटरला आठशे किलोंच्या घरात जातो. यावरून स्लॅब कोसळणारच, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल, कारण मानकातील आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे, आणि १२० चौरस फुटांच्या खोलीसाठी तो एकूण दोन टनांहून अधिक होतो. परंतु भार कोठे ठेवला याने सारा फरक पडतो. स्लॅबच्या मध्यभागी तो सर्वांत त्रासदायक. तुळईच्या वर किंवा खांबांच्या जवळ, भिंतीलगत लांब बाजू टेकवून ठेवला तर सर्वांत सुसह्य. बाहेर झेपावलेल्या गॅलरीत, किंवा ती आत घेऊन वाढवलेल्या खोलीत अशी टाकी कदापि ठेवू नये. तळमजल्यावर हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. अशा इमारतीत राहणाऱ्यांनी सोसायटीच्या कार्यालयातून त्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा. छताचे प्लॅस्टर सुटलेले, गंजलेल्या सळया दिसत असलेल्या किंवा गळणाऱ्या इमारतीत सहा फुटी टाकीचा विचार सोडून द्यावा. शंका असेल तेव्हा संरचना अभियंत्याला बोलावून जागा दाखवावी. त्याचे शुल्क टाकीच्या किमतीपुढे फार नसते. खालच्या मजल्यावरील कुटुंबाची झोपही या हिशेबात धरावयास हवी.

स्टँडकडे दुर्लक्ष होते. चार पायांचा स्टँड असेल तर नऊशे किलोंचा भार चार फरशांवर येतो आणि त्या तडकतात. चौकोनी लोखंडी पाइपांचा, खाली सलग पट्टी असलेला स्टँड बनवून घ्यावा, त्याला गंजरोधक रंग द्यावा आणि वर मरीन प्लाय टाकावा. भुशाच्या पार्टिकल बोर्डाचे आकर्षक कॅबिनेट पाण्याच्या थेंबांनी फुगते व ढासळते. स्टँड बसवल्यावर लांबी-रुंदी दोन्हींकडे पाणसळ लावून पाहावी. गवंड्याचे हे साधे अवजार येथे टाकी वाचवते, कारण एक कोपरा जरी खाली असला तरी काचेला पीळ बसतो. स्टँड आणि टाकी यांच्यामध्ये अर्धा इंच जाडीचे थर्मोकोल अंथरावे, म्हणजे बारीकसारीक उंचवटे ते पोटात घेते.

काचेवरील पाण्याचा दाब लांबीवर अवलंबून नसतो, उंचीवर असतो. दोन फूट उंच व सहा फूट लांब टाकीच्या समोरच्या काचेवर एकूण सुमारे ३४० किलो वजनाइतका रेटा येतो. म्हणून या मापाला १२ मिलिमीटर काच आणि वरच्या कडेला आडव्या-उभ्या पट्ट्यांचे बंधन हवे. दहा मिलिमीटरवर भागवू पाहणाऱ्या कारागिराला नम्रपणे नकार द्यावा. पाइपासाठी भोके हवी असल्यास ती जोडणीपूर्वी पाडून घ्यावीत, आणि टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही हे लक्षात असू द्यावे. जोडणीचे सिलिकॉन बुरशीनाशक न मिसळलेले असावे. ते पूर्ण सुकण्यास आठवडाभर द्यावा आणि मग टाकी भरून दोन-तीन दिवस गळती पाहावी.

आणखी एक गोष्ट, जी टाकी दारात आल्यावर आठवते : ती घरात शिरणार कशी? सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहा फुटी टाकी आडवी मावत नाही, आणि उभी करून नेल्यास जोडांवर भलताच ताण येतो. जिन्याच्या वळणाचे माप आधी घ्यावे. न जमल्यास काचा सुट्या आणून कारागिराकडून घरातच जोडून घेणे हा मार्ग चांगला. शहरांतील जाणते कारागीर तो पत्करतात.

नळाचे पाणी आणि सरोवराचे पाणी

मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा या परिसरातील जलाशयांतून येणारे पाणी पावसाचे, म्हणून मृदू असते. ऑस्कर, एंजल, सेव्हरम आणि डिस्कस यांच्या मूळ नद्यांचे पाणीही मृदू. त्यामुळे मुंबईकराला अमेरिकन सिक्लिड पाळणे निसर्गतःच सोपे जाते. मलावी सरोवराचे पाणी मात्र क्षारयुक्त, त्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६. टांगानिकाचा त्याहून वर, नऊच्या आसपास. विंधनविहिरीच्या जड पाण्यावर राहणाऱ्या उपनगरवासीयाला, ज्याच्या बादल्यांवर पांढरे थर चढतात, त्याला हेच आफ्रिकन मासे सोपे. आपल्या नळाला जे पाणी येते त्याला मानवणारा मासा निवडणे हे रसायनांशी झगडण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे.

मृदू पाण्यात म्बुना पाळायचेच असतील तर पाण्यातील कार्बोनेटचा साठा वाढवावा लागतो. त्यासाठी खाण्याचा सोडा मोजून घालतात. धुण्याचा सोडा नव्हे. प्रवाळाचा चुरा वापरण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांत असतो, पण प्रवाळाला आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे दगड तेच काम करतात. शहाबादी फरशी ही चुनखडीच आहे. तिचे तुकडे रचून म्बुनांसाठी झकास कपारी होतात आणि पाण्याचा जडपणाही हळूहळू वाढतो. सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, म्हणून तो ऑस्कर-डिस्कसच्या टाकीत निर्धास्त चालतो. दगड कोणत्या जातीचा हे कळत नसेल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर चुनखडी.

दगड थेट काचेवर रचावेत आणि वाळू नंतर भरावी. सिक्लिड उकरणारे मासे आहेत. वाळूवर रचलेला डोंगर ते एका रात्रीत पोखरतात आणि दगड काचेवर कोसळतो. बांधकामाची कच स्वस्त मिळते, पण तिच्या धारदार कडांनी वाळू तोंडात घेऊन चाळणाऱ्या माशांची तोंडे सोलतात. गोलसर कणांची, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली वाळू वापरावी.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना जाळते. पावसाळ्यात त्याची मात्रा पुष्कळदा वाढवली जाते. दुकानात 'हायपो' म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे ते तत्काळ नाहीसे करतात. पिंपात पाणी साठवून एक दिवस हवा सोडली तरीही क्लोरीन निघून जाते. टँकरच्या पाण्याचा भरवसा धरू नये, कारण प्रत्येक खेपेचे पाणी निराळ्या विहिरीचे असू शकते.

आठवड्याला चतुर्थांश पाणी बदलणे हा मोठ्या सिक्लिडच्या टाकीचा किमान नियम. सहा फुटी टाकीत तो सुमारे १६० लिटरचा, म्हणजे वीस लिटरच्या आठ बादल्यांचा होतो. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष दरमाणशी दररोज १३५ लिटरचा आहे. त्या मापाने टाकीत आठवड्यातून एक दिवस एक जादा माणूस जेवायला-राहायला आला असे समजावे. उन्हाळ्यात ज्या सोसायटीत दिवसाआड पाणी येते, तेथे हा पाहुणा परवडेल काय, याचा विचार टाकी आणण्यापूर्वीच करावा. काढलेले पाणी मात्र वाया जात नाही. त्यातील नायट्रेट कुंड्यांतील झाडांना उत्तम खत ठरते.

गाळणी, वीज आणि अंधार

माशांच्या विष्ठेतून व उरल्यासुरल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये, तर दुसरे नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत. गाळणीतील स्पंज, चिनी मातीच्या नळ्या, वाळू यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. मत्स्यालयात नायट्राइट संपवण्याचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा हे जीवाणू करतात, असे टिमथी होवानेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले. नवी वस्ती उभी राहण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर नवी टाकी कितीही नितळ दिसली तरी ती माशांसाठी तयार नसते.

मोठ्या सिक्लिडसाठी टाकीतील एकूण पाणी तासाला पाच-सहा वेळा फिरवणारी यंत्रणा असावी. सहा फुटी टाकीला कॅनिस्टर गाळण्या दोन घ्याव्यात. एक बंद पडली तर दुसरी टाकी तारून नेते. स्टँडखाली दुसरी छोटी टाकी ठेवून तिच्यात गाळणीची व्यवस्था करणे, म्हणजे 'संप', हा पर्याय अधिक चांगला. मात्र वीज गेल्यावर वरच्या टाकीतून जेवढे पाणी खाली उतरते तेवढी जागा संपमध्ये मोकळी हवी, नाहीतर दिवाणखान्यात तळे साचते. चाळीस वॅटचा पंप अहोरात्र चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज लागते.

वीज जाणे हा आपल्याकडील नेहमीचा प्रसंग. टाकीत मोठे मासे दाटीने असतील तर दोन-तीन तासांत प्राणवायू उणा पडू लागतो. उन्हाळ्यात तर आणखी लवकर, कारण २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३२ अंशाला तो ७.३ पर्यंत घसरतो. विजेरीवर चालणारा हवेचा पंप अशा वेळी मासे जगवतो. घरात इन्व्हर्टर असल्यास निदान एक हवेचा पंप त्यावर जोडून ठेवावा. कॅनिस्टर गाळणी बरेच तास बंद राहिली तर आतले जीवाणू मरून पाणी कुजते. वीज आल्यावर ती तशीच सुरू न करता आतले पाणी ओतून द्यावे आणि टाकीतील पाण्यातच स्पंज हलकेच खंगाळून घ्यावा.

विजेची जोडणी हा थट्टेचा विषय नव्हे. टाकीसाठीच्या प्लगांवर ईएलसीबी बसवलेला असावा, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि प्रत्येक वायरीला प्लगपूर्वी खाली झोल सोडावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगात न जाता जमिनीवर पडते. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटर व पंप बंद करावेत. ही सवय मुलांनाही लावावी. मुंबईत हीटरची गरज डिस्कस वगळता फारशी भासत नाही. पुणे-नाशिकच्या थंडीत मात्र तो हवाच.

जुन्या टाकीतून नव्या टाकीत

सर्वाधिक मासे दगावतात ते या दिवशी, किंवा त्यानंतरच्या आठवड्यात. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लहान टाकीत वर्षानुवर्षे राहिलेल्या माशाचे पाणी हळूहळू आम्ल झालेले असते आणि त्यात नायट्रेट साचलेले असते. मासा त्याला सरावतो. आम्ल पाण्यात अमोनिया बराचसा सौम्य रूपात असतो. २८ अंश तापमानाला पीएच ७ असताना त्याचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी असतो, पण पीएच ८.५ ला तो १८ टक्क्यांच्या आसपास जातो. अशा माशाला एकदम ताज्या, क्षारयुक्त आणि जीवाणूंची वस्ती नसलेल्या पाण्यात सोडले की त्याच्यावर दोन्हीकडून आघात होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, एवढी स्वच्छ टाकी दिली तरी मासा मेला.

उपाय सोपा, पण सबुरीचा आहे. स्थलांतराच्या तीन आठवडे आधीपासून जुन्या टाकीत दर दोन दिवसांनी दहा टक्के पाणी बदलत जावे, आणि नव्या टाकीत जे पाणी असणार तेच वापरावे. म्हणजे स्थलांतराच्या दिवशी दोन्ही टाक्यांतील पाणी जवळजवळ सारखे झालेले असते. त्याच काळात नव्या टाकीची गाळणी जुन्या टाकीशेजारी चालवावी, किंवा निदान नवे स्पंज जुन्या गाळणीत ठेवावेत. स्थलांतर करताना जुनी गाळणी जशीच्या तशी नव्या टाकीवर लावावी आणि दोन महिने काढू नये. जुने पाणी पिंपे भरभरून नव्या टाकीत ओतण्याचा प्रघात आहे. त्याने फारसे साधत नाही, कारण जीवाणू त्या पाण्यात नसतातच. जुन्या वाळूचा तळ तर मुळीच नेऊ नये. तो ढवळला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो विषारी वायूचा असतो.

आदल्या दिवशी माशांना उपाशी ठेवावे. मोठा ऑस्कर जाळ्यात धरला तर पंखांचे काटे जाळ्यात अडकतात, म्हणून पाणी निम्मे उतरवून झाकणाच्या टबातच त्याला वळवून घ्यावे. नव्या टाकीचे दिवे पहिला दिवस बंद ठेवावेत आणि झाकण पक्के असावे, कारण नव्या जागी बुजलेला सिक्लिड उडी मारतो. मासे सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा : आधी दुबळे, मग दांडगे. दांडग्याला प्रथम सोडल्यास संपूर्ण टाकी तो आपली मानतो. आधीच भांडण जुंपले असेल तर दगडांची रचना साफ बदलावी. हद्दींच्या खुणा पुसल्या गेल्या की काही दिवस तरी सर्वांना नव्याने सुरुवात करावी लागते. एका टोकाच्या माशाला दुसऱ्या टोकाचा मासा दिसणार नाही, अशी मधोमध एक दगडी भिंत रचली तर फारच उत्तम.

पहिले तीन आठवडे खाद्य निम्म्यावर आणावे आणि अमोनिया व नायट्राइटची चाचणी रोज करावी. दोन्ही शून्य असावेत. न आढळल्यास त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदलावे. पुढे नायट्रेटवर नजर ठेवावी. ते लिटरला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. ऑस्करच्या डोक्यावर खड्डे पडू लागले तर बहुधा पाणी आणि आहार या दोहोंची आबाळ झालेली असते. जिवंत गोल्डफिश खायला घालण्याची चाल सोडून द्यावी. त्यातून रोग येतात, आणि पोषण काही मिळत नाही.

नकोसे मासे आणि रिकामी टाकी

मोठ्या टाकीत गेल्यावर कोणीतरी कोणाशी जमवून घेत नाही, आणि एखाद्या माशाला घर सोडावे लागते. तो जवळच्या तलावात सोडून 'पुण्य' मिळवण्याची कल्पना आपल्याकडे फार रुजली आहे. एप्रिल-मे २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतील ॲलिगेटर गार हा भक्षक मासा सापडला. तो तेथे आपण होऊन पोहोचलेला नव्हता. परक्या माशाने काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण खुद्द सिक्लिडांच्या माहेरचे आहे : विसाव्या शतकाच्या मध्याला व्हिक्टोरिया सरोवरात सोडलेल्या नाइल पर्च या माशाने तेथील शेकडो सिक्लिड जाती नामशेष होण्यास हातभार लावला. तलावात सोडलेला ऑस्कर वा चिलापी आपल्याकडील कोळंबी, मुऱ्या, खवल्यांवर तेच करू शकतो. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा. बहुतेक दुकानदार मोठा, निरोगी सिक्लिड घेतात. न घेतल्यास दुसरा शौकीन शोधावा.

उरला प्रश्न जुन्या दोन फुटी टाकीचा. ती विकून टाकू नये. मोठ्या टाकीत येणारा प्रत्येक नवा मासा आधी तीन-चार आठवडे या छोट्या टाकीत वेगळा ठेवावा. सहाशे लिटर पाण्यात रोग शिरला तर औषधाचा खर्च दसपट होतो आणि त्या औषधाने गाळणीतील जीवाणूही मरू शकतात. जखमी किंवा मार खाल्लेला मासाही येथेच बरा होतो. तिच्यासाठी एक स्पंज गाळणी कायम मोठ्या टाकीच्या संपमध्ये टाकून ठेवावी, म्हणजे वेळ येईल तेव्हा ती उचलून लहान टाकीत लावली की दहा मिनिटांत टाकी तयार.